नाव न सांगता चाखलेला पाव

आबांनी पाव कापायची लांब सुरी हातात घेतली आणि धाकट्या सुनेने हात पदराला पुसले.

बेकरीची ती दुपारची सुट्टी होती. मोठी भट्टी निवत आली होती, धुतलेले ट्रे भिंतीला टेकून निथळत होते, आणि पीठ मळायच्या लांबलचक टेबलाभोवती सगळं घर जमलं होतं. एका टोकाला आबा. त्यांच्या शेजारी स्टुलावर आई, मग थोरला मुलगा, त्याची बायको, धाकटा मुलगा. आणि पार दुसऱ्या टोकाला, परीक्षेचा निकाल ऐकायला उभी राहिल्यासारखी, धाकटी सून. टेबलावर जाळीवर निवत होते ते पाव तिच्या हातचे. नेहमीच्या पावापेक्षा रंगाने जरा पिवळसर, पाठ मात्र भरलेली.

या घराची एक रीत होती. बेकरीत नवा पाव केला, की करणाऱ्याने त्यात काय घातलंय ते आधी सांगायचं नाही. सगळ्यांनी खायचं, ज्याने त्याने आपलं मत द्यायचं, आणि मगच नाव उघड करायचं. आबांच्या वडिलांनी घालून दिलेली रीत. त्यांचं म्हणणं, नाव एकदा कानात शिरलं की जीभ आपलं काम सोडून देते आणि कानाचं ऐकत बसते. दुधाचा पाव, तिळाचा, बेदाण्यांचा, सगळे याच टेबलावरून पुढे गेले होते. चाखून उरलेले पावसुद्धा नाव न सांगता समोर दुकानात जायचे. गिऱ्हाईक पुन्हा तोच मागत आलं, तर पाव खरा.

आणि आजच्या पावावर धाकटीचं सगळं अडलेलं होतं. गावाच्या टोकाला असलेल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातून विचारणा आली होती. म्हाताऱ्या माणसांना चावायला मऊ, पण दोन कापांत अंगाला काही लागेल असा पाव मिळेल का? थोरल्याने ऐकता क्षणी कानावर हात ठेवले. गव्हाचा पाव तो गव्हाचा पाव, त्यात औषधं कालवायला आपण दवाखाना चालवत नाही, असं त्याचं म्हणणं. धाकटी म्हणाली, मी करून बघते. त्यावर आबांनी निवाडा दिला होता की, टेबलावर पाव पास झाला तर मागच्या खोलीतली छोटी भट्टी तिची. लग्न होऊन आल्यापासून तिने इथे ट्रे घासले, गल्ला सांभाळला, पाव मोजून गाडीत भरले. भट्टीला हात लावायची पाळी कधी आली नव्हती. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी, आणि तीही एकदा बोलायला लागली की थांबत नसे, म्हणून थोरल्याने तिचं नाव गिरणी पाडलं होतं. गिरणीवालीने दळावं, भाजायचं काम भट्टीवाल्यांचं, असा त्यात एक टोमणाही होता.

तिने वाळलेले वाटाणे माहेरच्या गिरणीवर बारीक दळून आणले होते. पहिला पाव वीट झाला. दुसरा फुगला, पण कच्च्या शेंगेचा असा वास मारत होता की तिच्या नवऱ्याने तो नाकापासून हातभर लांब धरला. मग तिला सुचलं की वाटाण्याचं पीठ आधी मंद आचेवर भाजून घ्यावं. वास गेला. पण पीठ पाणी पिऊन बसायचं, कणीक ताणली की तुटायची. दोन वाट्यांची एक वाटी केली, पाणी वाढवलं, कणकेला जास्त वेळ झाकून निवांत पडू दिलं, तेव्हा कुठे गव्हाने वाटाण्याला पोटात घेतलं.

या खटपटीत थोरली जाऊ तिच्या बाजूने होती. दोघींचं सख्य तसं बेताचंच, पण भट्टीपासून दोघींनाही लांब ठेवलेलं, त्यामुळे या कामात त्या एक झाल्या. थोरलीने पीठ चाळून दिलं, माळ्यावरचे जुने साचे घासून दिले. धाकटीने तिला एकदा विचारलंही होतं की, दादा ताटातले वाटाणे बाजूला काढतात, ते हा पाव खातील का? थोरली हसली होती.

"अगं, घसा खाजतो म्हणतात. त्यांना नाव कळलं तरच खाजतो. न सांगता घाल, बोटं चाटत खातील. मलाही एकदा त्यांची जिरवायचीच आहे."

म्हणून धाकटीनेही तो विषय तिथेच सोडला होता.

आबांनी काप केले. कापताना सुरी अडली नाही हे तिने बघितलं. आबांनी एक काप नाकाशी नेला, दाबला, परत फुगून येतो का ते पाहिलं आणि खाल्ला. बराच वेळ चावत राहिले. आबांच्या तोंडून कौतुक काढणं म्हणजे वाळूतून तेल काढणं, पण ते म्हणाले, "ओलावा चांगला आहे." आई म्हणाली, दात नसलेल्यालाही चालेल, आणि दुसरा काप तिने न विचारता उचलला. धाकटीच्या नवऱ्याने आबांच्या तोंडाकडे बघून मान हलवली. तो नेहमीच आबांच्या तोंडाकडे बघून मान हलवायचा.

उरला थोरला. घरात, बाजारात, गिऱ्हाइकांत त्याला सगळे नकल्या म्हणत. पिठाचा व्यापारी, वजनमापाचा साहेब, कर्जाला जामीन मागणारा मावसभाऊ, कोणाचीही हुबेहूब नक्कल करायचा. त्याने पहिला काप तोंडात टाकला आणि चेहरा मख्ख ठेवला. दुसरा खाल्ला. डोळे बारीक केले. त्याला ओळखता येत नव्हतं आणि ते त्याला सहन होत नव्हतं. तिसरा काप घेऊन तो वास घेत टेबलाभोवती फिरला, वजनमापाच्या साहेबाच्या आवाजात मक्याचा आरोप ठेवला, मग तो मागे घेऊन दुधावर आला. थोरलीने पदर तोंडावर धरला होता. तिच्या डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

"काय दळलंस गं, गिरणी?" तो म्हणाला. "चांगलं लागतंय, हीच तर पंचाईत आहे."

धाकटीचे पाय जमिनीवरून उचलल्यासारखे झाले. आता फक्त आबांनी नाव विचारायचं आणि तिने सांगायचं, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात थोरला खोकला. एकदा, मग पुन्हा. त्याने गळा धरला, दुसरा हात टेबलावर आपटला आणि डोळे मोठे केले. आई खो खो हसायला लागली. गेल्या वर्षी बेदाण्यांच्या पावाच्या वेळी तो असाच टेबलाखाली जाऊन पडला होता आणि वर आला तो तोंडात आणखी एक काप घेऊन. आबांच्या मिश्याही हलल्या. थोरली म्हणाली, झालं यांचं सुरू.

हसली नाही ती एकटी धाकटी. तिला राग आला होता. इतक्या महिन्यांची मेहनत, आबांनी चांगलं म्हटलेलं, आणि हा माणूस त्याचाही तमाशा करणार. तो गुडघ्यावर आला. तिने त्याच्याकडे बघितलं सुद्धा नाही. जाळीवरचे पाव सरळ करत म्हणाली, "पुरे झालं, दादा. उठा आता."

तो उठला नाही. त्याच्या घशातून एक आवाज आला, ओल्या दोरीला पीळ द्यावा तसा. तो आवाज कोणाचीच नक्कल नव्हता. धाकटीने मान वळवली. त्याचे ओठ सुजून त्याचे राहिले नव्हते. कानापासून मानेपर्यंत लाल चट्टे उठले होते, डोळ्यांच्या फटी होत चालल्या होत्या, आणि त्या फटींतून तो तिच्याकडेच बघत होता.

आई अजून हसतच होती. हसू थांबवायला तिला वेळ लागला. थोरलीने पदर खाली घेतला आणि जागच्या जागी उभी राहिली. आबांच्या हातात सुरी तशीच होती. टेबलाभोवतीची माणसं जणू एकमेकांना विचारत होती की, हे खरं आहे का. आणि तेवढ्या वेळात तो माणूस श्वासासाठी फरशी ओरबाडत होता.

पहिला हलला तो धाकटीचा नवरा. आबांच्या तोंडाकडे न बघता हलला, हे तिच्या फार नंतर लक्षात आलं. त्याने भावाला काखेत हात घालून उचललं, धाकटीने पाय धरले, आणि पावाच्या गाडीत, रिकाम्या ट्रेच्या मध्ये, त्याला अर्धवट बसवून ते निघाले. थोरली त्याचं डोकं छातीशी धरून बसली. ती सारखं एकच म्हणत होती की, अहो, श्वास घ्या. जणू श्वास कोणी सांगितला म्हणून घेता येतो.

दवाखाना जवळ होता म्हणून निभावलं. डॉक्टरीणबाईंनी चेहरा बघताच मांडीत इंजेक्शन दिलं, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला, आणि हात चालू ठेवूनच विचारलं, "काय खाल्लं यांनी?"

एवढा साधा प्रश्न, पण दोघी जावा सोडल्या तर उत्तर कोणालाच माहीत नव्हतं. धाकटीच्या नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. मागून रिक्षाने आलेले आबा आणि आई दारात पोचले होते, त्यांनीही तिच्याकडे बघितलं. पाव पास झाला म्हणजे जे नाव ती मिरवत सांगणार होती, ते तिने फिनेलच्या वासात, भिंतीला टेकून सांगितलं.

"वाटाण्याचं पीठ. भाजलेलं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भाजल्याने वाटाण्याचं वावडं जात नाही. आणि दळलेलं असलं की नकळत किती पोटात जातं त्याचा अंदाज राहत नाही. आधी कधी वाटाण्याने त्रास झाला होता का? त्यांनी पडदा ओढून घेतला. उत्तराची वाट त्या बघत नव्हत्या, पण प्रश्न बाहेर बाकावर सगळ्यांच्या मध्ये येऊन बसला.

आबांनी सुरुवात केली. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. घरात कोणाला काय चालत नाही हे सुनेने बघायला नको? तो वाटाण्याला हात लावत नाही हे इतक्या वर्षांत दिसलं नाही? एकदा विचारता आलं नाही? धाकटीने थोरलीकडे बघितलं. थोरली फरशीच्या जोडाकडे बघत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. धाकटीच्या जिभेवर आलं होतं. पण पडद्याआड त्या बाईचा नवरा होता.

तेव्हा आई बोलली. ती कोणाशी बोलते आहे ते आधी कळेना.

"लहानपणी वाटाण्याची भाजी पुढे आली की हा असंच करायचा. गळा धरायचा. डोळे मोठे करायचा. ताट संपल्याशिवाय उठायचं नाही, असं तुम्ही सांगायचात. मग तो खायचा आणि पुन्हा गळा धरायचा. आपण हसायचो. आपण हसतो म्हटल्यावर तोही हसायला लागला." ती थांबली. "नकल्या हे नाव तुम्हीच ठेवलंत. त्यावरूनच ठेवलंत."

"नाटक करायचा तो," आबा म्हणाले.

"आज करत होता का?"

आबांनी पडद्याकडे बघितलं आणि बाकाची कड धरून ते खाली बसले. धाकटीने आपल्या सासऱ्याला रागावलेलं पाहिलं होतं, आजारी पाहिलं होतं, भावाच्या मौतीला पाहिलं होतं. असं कधीच पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं ज्या गोष्टीवर घर हसत आलं, ती गोष्ट समोर उलटी होऊन पडली होती आणि तिच्या पोटाकडच्या बाजूला एक लहान पोर श्वास घेण्यासाठी धडपडत होतं. त्या पोराने तक्रार केली होती, आणि घराने टाळ्या वाजवल्या होत्या.

धाकटीला स्वतःचे शब्द आठवले. पुरे झालं, दादा. उठा आता. आणि त्याच क्षणी दुसरी एक गोष्ट आठवून ती उभी राहिली. जाळीवरचे पाव. दुकान उघडायची वेळ झाली होती. गल्ल्यावरचे काका जुने माणूस, रीत जाणणारे. टेबलावरून उरलेला पाव ते नेहमीसारखा उचलून समोर मांडणार, नाव न सांगता.

तिने आबांना सांगितलं. आबा म्हणाले, बस खाली. वाटाणे सगळं जग खातं.

"दादाही जगातलेच आहेत, आबा."

आबा म्हणाले, आज दुकानातून गेलेले पाव परत मागत फिरलीस, तर उद्या कोण येईल आपल्या दारात? आधीच पोराचा जीव कंठाशी आलाय, आता नावही घालवायचंय का? बोलताना त्यांचा आवाज फाटला. धाकटीने त्यांच्याशी वाद घातला नाही. तिने नवऱ्यापुढे हात केला, गाडीच्या किल्लीसाठी. नवरा किल्लीकडे बघत राहिला. आता तो आबांकडे बघेल, हे तिला ठाऊक होतं.

"तू नको," तो म्हणाला. "तू पाव गोळा कर. मी चालवतो."

गाडीत त्याने विचारलं की वहिनीला माहीत होतं ना. ती म्हणाली, माहीत होतं, पण मळलं मी.

दुकानात पोचेपर्यंत तीन पाव गेले होते. काकांनी मोठ्या खुशीत सांगितलं, दिसायला छान आहेत, पटापट उचलले. एक समोरच्या न्हाव्याने नेला होता. एक वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीने. धाकटी रस्ता ओलांडून गेली, तेव्हा न्हावी चहात बुडवून खातच होता. तो पावाचं कौतुक करत राहिला आणि ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली. काय बोलला ते एक अक्षर तिला ऐकू आलं नाही. शिंपिणीने पाव कापलाही नव्हता. तिने तो परत दिला आणि धाकटीला पाणी पाजलं. तिसरा कोणी नेला ते काकांना सांगता येईना. एक बाई होती, कडेवर मूल होतं, या भागातली वाटली नाही. बस लागली होती, ती घाईत होती.

धाकटी बसथांब्यापर्यंत पळत गेली. थांबा रिकामा होता. मग ती परत आली, दराच्या पाटीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं की, आज पिवळसर पाव नेला असेल त्यांनी खाऊ नये, त्यात वाटाण्याचं पीठ आहे. पाटी दारात ठेवली आणि दुकान बंद होईपर्यंत पाटीशेजारी उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती. कोणी हसलं, कोणी पाव न घेता गेलं. आबा म्हणाले होते ते खोटं नव्हतं. पण कडेवर मूल असलेली प्रत्येक बाई लांबून दिसली की धाकटी दोन पावलं पुढे जायची, आणि जवळ आल्यावर बाई दुसरीच निघायची. ती बाई पुढेही कधी आली नाही. तिच्याकडून काही वाईट कानावर आलं नाही, यावरच धाकटीला समाधान मानावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याला खाटेवर उशीला टेकवून बसवलं होतं. सूज उतरली होती, पण चेहरा कोणी रात्रभर मळल्यासारखा दिसत होता. सगळे आले होते. आबा मात्र दारातच उंबऱ्याशी उभे होते, आत येईनात. दवाखान्यात उंबरा नसतो, पण त्यांच्या पायांना तो लागत होता.

थोरल्याचा आवाज खरवडल्यासारखा येत होता. त्याने धाकटीला जवळ बोलावलं. ती जवळ गेली, पण वर बघेना. तो म्हणाला, हिने मला सगळं सांगितलंय. थोरली त्याच्या पायाशी बसली होती. तिचे डोळे रडून सुजले होते. तिने धाकटीला शेजारी बसवलं, तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि घट्ट धरून ठेवला.

"आबा," थोरला दाराकडे बघून म्हणाला, "छोटी भट्टी धाकटीला द्या. पाव तुम्ही टेबलावर पास केलाय. मीही केला होता, नंतरचं सोडा. फक्त ते वाटाण्याचं काम त्या खोलीच्या बाहेर येऊ देऊ नका, आणि पावावर नाव घालून विका."

आबा म्हणाले, "टेबलावरही आधी नाव सांगायचं. यापुढे." एवढं म्हणून ते आत आले, आणि मुलाच्या गळ्याकडे हात नेला. बोटं अर्ध्यातच थांबली, कारण लहानपणानंतर त्यांनी त्याला हात लावलेला कोणाला आठवत नव्हता, त्यांना स्वतःलाही नाही. मग त्यांनी तो हात उशी नीट करायला वापरला.

आई बसल्या जागी पाण्याच्या पेल्याचं झाकण काढत-घालत राहिली. अशा वेळी घर नेहमी ज्याच्याकडे बघायचं, तो खाटेवर होता. त्यालाही ते कळलं असावं. त्याने दारावरून जाणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, भुवया वर केल्या, चष्मा नाकावर सरकवल्यासारखं बोट केलं आणि त्यांच्याच आवाजात म्हणाला, "काय खाल्लं यांनी?"

हुबेहूब झालं होतं. पण हसू कोणालाच आलं नाही. सगळे त्याच्या घशाकडे बघत होते. वाक्याच्या शेवटी त्याला ठसका लागला. अगदी छोटासा, कोरड्या घशाचा. आई उठून उभी राहिली, थोरली उठली, धाकटी उठली, तिचा नवरा दाराकडे धावला, आणि आबांनी खाटेचा गज घट्ट धरला.

"अरे, ठसका आहे नुसता," तो म्हणाला.

कोणीही खाली बसलं नाही.